खेड्यातून विद्यापीठात: विदर्भातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशापासून पदवीपर्यंतची वाट

तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलेला विद्यार्थी खरं तर दोन संस्थांचा विद्यार्थी असतो. वर्ग भरतो कॉलेजात. पण परीक्षा, गुणपत्रिका आणि पदवी येते विद्यापीठाकडून, आणि ते विद्यापीठ शंभर-दोनशे किलोमीटर दूर असू शकतं. घरात आधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसेल, तर कोणतं काम कॉलेजच्या बाबूकडे होतं, कोणतं विद्यापीठाच्या खिडकीवर आणि कोणतं तहसीलच्या सेतू केंद्रात, हे सांगणारं कुणी नसतं. मग अभ्यासात हुशार असलेल्या पोरापोरींचंही वर्ष एका कागदापायी अडकतं. म्हणून ही माहिती कामं ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने दिली आहे.

आधी आपलं विद्यापीठ कोणतं ते ठरवा

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या पदव्या देणारी तीन सार्वजनिक विद्यापीठं आहेत. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात येतात. हे सगळ्यात जुनं, १९२३ सालचं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे आहेत, स्थापना १९८३. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ साली नागपूरपासून वेगळे झाले आणि गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं. त्याआधी भामरागड किंवा सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या कामासाठी थेट नागपूर गाठावं लागायचं. आजही सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे फेरी वाचवणं तिथल्या पोरांसाठी फार मोलाचं आहे.

पण नुसता जिल्हा पाहून विद्यापीठ ठरत नाही, अभ्यासक्रमही पाहावा लागतो. चंद्रपुरातलं नर्सिंग किंवा वैद्यकीय कॉलेज गोंडवानाचं नसतं. ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं असतं. विदर्भातली काही अभियांत्रिकी कॉलेजं रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची आहेत. कृषीचं शिक्षण साऱ्या विदर्भासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. पशुवैद्यक, दुग्ध तंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे जातं. संस्कृत, योग, वेदांग अशा विषयांसाठी रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय केंद्र सरकारचं आहे, त्याचे नियम वेगळे.

तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा: "या कोर्सची पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळेल?" उत्तर टाळलं गेलं, किंवा "मान्यता येणार आहे" असं सांगितलं, तर फी भरू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्नित महाविद्यालयांची यादी असते. तिच्यात कॉलेजच्या नावासमोर तो अभ्यासक्रमही आहे का, तेही पाहा. कॉलेज जुनं आणि नावाजलेलं असतं, पण नव्याने सुरू केलेल्या एखाद्या कोर्सला त्या वर्षीची संलग्नता मिळालेली नसते, असं होतं.

कॉलेज कोणत्या प्रकारचं आहे, यावर तुमची धावपळ ठरते

गावाजवळचं बहुतेक कॉलेज संलग्नित असतं: चालवते एखादी शिक्षण संस्था, अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाच्या. इथे तुमचं जवळजवळ प्रत्येक काम कॉलेजमार्फतच पुढे जातं. थेट विद्यापीठात गेलात तर "कॉलेजचं पत्र आणा" म्हणून परत पाठवतात. स्वायत्त कॉलेज असेल तर परीक्षा आणि निकाल कॉलेजच लावतं, विद्यापीठ फक्त पदवी देतं. मग गुणांच्या तक्रारीसाठी विद्यापीठात जाऊन काहीच होत नाही.

तिसरा प्रकार विद्यापीठाने स्वतः चालवलेल्या कॉलेजांचा. गडचिरोली आणि बुलडाण्याची मॉडेल डिग्री कॉलेजं यात मोडतात. कृषी विद्यापीठाची घटक कॉलेजंही अशीच: अकोल्याबाहेर नागपूरचं १९०६ सालचं कृषी महाविद्यालय, चंद्रपूर जिल्ह्यात मूल-मारोडा, गडचिरोलीजवळ सोनापूर. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं दुग्ध तंत्रज्ञानाचं कॉलेज पुसदजवळ वरूडला आहे. अशा ठिकाणी फी सरकारी दराने असते. खासगी विनाअनुदानित कृषी कॉलेजही कृषी विद्यापीठाचीच पदवी देतं, पण फी कितीतरी जास्त घेतं. पसंतीक्रम भरताना घरापासूनचं अंतर पाहून खासगी कॉलेज वर टाकणारे बरेच असतात. त्यांनी चार वर्षांच्या फीचा आणि खोलीभाड्याचा हिशेब कागदावर मांडून मग क्रम लावावा. लांबचं शासकीय कॉलेज वसतिगृहासकट बऱ्याचदा स्वस्त पडतं.

बाहेरच्या विद्यापीठांची केंद्रंही आता विदर्भात आहेत. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं केंद्र बल्लारपूरला आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं नागपूर आणि अमरावतीला आहेत, आणि त्यांच्या हाताखाली तालुक्यातालुक्यांत अभ्यासकेंद्रं. केंद्र जवळ आहे म्हणजे सगळी कामं तिथेच होतात असं मात्र धरू नका. केंद्रात शिकवणं, अर्ज घेणं आणि माहिती देणं होतं. गुणपत्रिकेतली दुरुस्ती, पदवी, मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाताना लागणारं प्रमाणपत्र) यांचा निर्णय सहसा मुख्यालयातच होतो. त्या केंद्रात कोणते अर्ज स्वीकारले जातात, ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या.

कागद: बारावीच्या परीक्षेआधी सुरू करायचं काम

कागदपत्रं निकालानंतर काढायला घेतली की सेतूत रांग असते, सर्व्हर बंद असतो, आणि जून-जुलैत पेरणीमुळे घरच्यांना तहसीलच्या चकरा मारायला वेळ नसतो. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास तुलनेने लवकर मिळतात. जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअरला महिना-दीड महिना धरून चाला. जानेवारी-फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम. फक्त नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदत पाहा. ती बहुधा ३१ मार्चला संपते, त्यामुळे जानेवारीत काढलेला एक वर्षाचा दाखला जूनमध्ये निकामी ठरतो. हे दोन दाखले एप्रिलमध्ये काढा, किंवा तीन वर्षांच्या मुदतीचे मागा.

जात प्रमाणपत्र आणि जात वैधता हे दोन वेगळे कागद आहेत, आणि इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतो. वैधता जात पडताळणी समिती देते. साध्या बीए-बीकॉमला सहसा जात प्रमाणपत्रावर भागतं. अभियांत्रिकी, कृषी, फार्मसी, पशुवैद्यक अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागा हवी असेल तर वैधता लागते. तिला कधी कधी सहा महिनेही जातात, कारण समिती वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांपासून महसुली नोंदींपर्यंत सारं तपासते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावीतच ज्युनिअर कॉलेजच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने हा अर्ज करावा. अनुसूचित जमातीसाठी समित्या वेगळ्या आहेत. विदर्भात त्या नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणी आहेत. वडिलांच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ यांपैकी कुणाला, वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र जोडा. काम बरंच हलकं होतं.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या मार्कशीटवर मडावी हे आडनाव इंग्रजीत 'व्ही'ने छापलेलं आणि आधारवर 'डब्ल्यू'ने, किंवा एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, पण अपार आयडी (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींचा कायमचा क्रमांक) काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आणि पदवीवर नाव छापताना संगणक त्याला दोन वेगळी माणसं समजतो. दहावीची मार्कशीट हाच पाया धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. उलटं करायला जाऊ नका. बोर्डाकडून मार्कशीट बदलून घेणं फार लांबणीचं काम आहे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावर मार्कशीट समोर ठेवून एकेक अक्षर बोलून टाइप करून घ्या, आणि पावती नीट वाचूनच उठा.

आधारला मोबाइल नंबर विद्यार्थ्याचा स्वतःचा असावा. वडिलांचा नंबर दिलेला असतो, रिचार्ज संपून तो बंद पडतो, आणि नेमक्या शेवटच्या दिवशी ओटीपी येत नाही.

प्रवेशाच्या फाइलीत एवढं असू द्या: दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, आधार, अधिवास, जातीचे लागू असतील ते दाखले, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो. मधे वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्राचं शपथपत्र. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये स्कॅन ठेवा. मूळ टीसी कॉलेज ठेवून घेतं, म्हणून देण्याआधी तिची रंगीत प्रत काढून ठेवा. इतर मूळ कागद कॉलेजकडे ठेवायची गरज नसते. पडताळणी झाली की परत घ्या.

सीमेवरच्या गावांसाठी एक वेगळी सूचना. गोंदियाकडची पोरं बालाघाटला, सिरोंच्याकडची तेलंगणात, धारणीकडची मध्य प्रदेशात बारावी करतात. दुसऱ्या राज्याच्या किंवा केंद्रीय बोर्डाची बारावी असली की कॉलेज प्रवेश तात्पुरता देतं. बोर्डाचं मायग्रेशन प्रमाणपत्र देऊन विद्यापीठाकडून पात्रता मंजूर झाल्यावरच तो पक्का होतो. हा कागद द्यायचा राहिला तर परीक्षा देता येते, पण निकाल राखीव पडतो, म्हणजे जाहीर न होता अडकून राहतो.

कुठला प्रवेश कुठून

बीए, बीकॉम आणि साध्या बीएस्सीचे प्रवेश कॉलेज पातळीवर गुणवत्ता यादीने होतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगितली असेल तर ती करा, पण नोंदणी केली म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका. कॉलेजात जाऊन कागद तपासून फी भरल्यावरच प्रवेश होतो.

अभियांत्रिकी, फार्मसी आणि कृषीचे प्रवेश राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेतून. कृषीचा अर्ज भरताना सातबारा जोडायला विसरू नका. शेतकरी कुटुंबातल्या विद्यार्थ्याला त्याचा गुणांत अधिभार मिळतो. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर नातं दाखवणारा कागद काय लागेल, हे माहितीपुस्तिकेत वाचून आधीच तयार ठेवा. पशुवैद्यकाचा प्रवेश 'नीट' या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. आणि गेल्या काही वर्षांत बीबीए, बीसीएलाही राज्याची सीईटी आली आहे. "बारावीनंतर बघू" म्हणणारे इथे चुकतात, कारण त्या सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालाच्या आधीच बंद होऊ शकतो.

आता विषय निवडणं. २०२४-२५ पासून संलग्नित कॉलेजांतही नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. दर सत्राला २२ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे वर्षाला ४४. तीन वर्षांची पदवी १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची ऑनर्स १७६ची. शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला ३० तास लागतात. कागदावर विषयांची निवड भरपूर दिसते. लहान कॉलेजात मात्र ज्या विषयाला शिक्षक आहे तोच विषय मिळतो. म्हणून मुख्य विषय घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. तिसऱ्या वर्षापर्यंत हा विषय इथे मुख्य म्हणून चालणार आहे का? आणि चौथं वर्ष या कॉलेजात आहे का? दुसऱ्या वर्षानंतर मुख्य विषय बदलायला गेलात तर आधीचे श्रेयांक पुरेसे पडत नाहीत.

चौथ्या वर्षाचा फायदा असा की ऑनर्स झालेल्याला एमए-एमएस्सी एका वर्षात करता येतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७.५ सीजीपीए किंवा ७५ टक्के लागतात. प्राध्यापकीकडे जायचं नसेल आणि घरची ओढाताण असेल, तर तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडण्यात काहीही कमीपणा नाही.

याच रचनेत एक सोय अशी आहे की तिचा विचार प्रत्येक घराने करावा. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवावं लागलं तर ४४ श्रेयांक आणि जोडीचा ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर थांबलं तर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. श्रेयांक अपार आयडीशी जोडलेल्या श्रेयांक बँकेत जमा राहतात. लग्न ठरलं किंवा घरात आजारपण आलं म्हणून पोरीचं कॉलेज सोडवताना नाव नुसतं काढून टाकू नका. या वाटेने प्रमाणपत्र घेऊन थांबा, म्हणजे तिला परतीचा रस्ता उघडा राहतो.

पैसा: शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय

जवळपास सगळ्या राज्य शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. अनुसूचित जाती-जमातींच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, मर्यादा आठ लाख. व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या इतर मागासवर्ग (इमाव), सामाजिक व शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस) गटांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. तेव्हा "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या मागे लागून मुलीचा हक्क घालवू नका.

अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नसतं. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून मंजूर होऊन जिल्हा कार्यालयाकडे जातो. कॉलेजात तो महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. अर्जाची प्रिंट आणि कागद शिष्यवृत्ती पाहणाऱ्या बाबूकडे देऊन पोच घ्या, आणि पंधरवड्याने पोर्टलवर स्थिती पाहा. त्रुटी काढून अर्ज परत आला असेल तर तो पुन्हा पाठवायची मुदत थोडीच असते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण स्वतः करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

मंजूर झालेला पैसा खात्यात न येण्याचं मोठं कारण आधार सीडिंग. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारशी जोडलं गेलं, पण सरकारी पैसा ज्या एका खात्याकडे जातो ते खातं वेगळं नोंदवलेलं असतं, आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्याच बँकेत पैसा पडतो. मोबाइल रिचार्जच्या दुकानात कधीतरी अंगठा देऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, आणि शिष्यवृत्ती तिकडे गेलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. अर्ज भरण्याआधी ती पाहा. तिथे भलतीच बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि आठवड्याने पुन्हा तपासा. खातं बरेच दिवस वापरात नसेल तर केवायसीही करून घ्या, नाहीतर आलेला पैसा परत जातो.

राहण्यासाठी आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. समाजकल्याणची वसतिगृहं आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं वेगळी. आदिवासी विद्यार्थ्याने आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. विदर्भात गडचिरोली, अहेरी, भामरागड, चिमूर, चंद्रपूर, देवरी, धारणी, पांढरकवडा, पुसद अशा ठिकाणी ही कार्यालयं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर खोली आणि जेवणासाठी थेट रक्कम देणाऱ्या योजना आहेत: अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम्, इमाव आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. वसतिगृहाचा अर्ज करूनही जागा न मिळाल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी मागतात, म्हणून तो अर्ज आधी, वेळेत.

रोज येजा करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा. भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. पाससाठी कॉलेजचा बोनाफाइड (तिथला विद्यार्थी असल्याचा दाखला) आणि आगाराचा फॉर्म लागतो. सत्राच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवर गर्दी असते, तेव्हा बोनाफाइड प्रवेशाच्या दिवशीच मागून ठेवा. मुक्कामी बस किती वाजता सुटते आणि शेवटची परतीची किती वाजता, ते प्रात्यक्षिकांच्या वेळेशी ताडून पाहा. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं दुपारनंतर असतात, आणि पाचची गाडी चुकली की पुढची नसते, अशी गावं थोडीथोडकी नाहीत.

परीक्षा: हिवाळी आणि उन्हाळी

विदर्भातल्या विद्यापीठांत सत्रं हिवाळी आणि उन्हाळी या नावांनी ओळखली जातात. प्रवेशानंतर काही आठवड्यांत विद्यापीठ तुम्हाला एक क्रमांक देतं; कुठे त्याला नामांकन क्रमांक म्हणतात, कुठे पीआरएन. हा क्रमांक पाठ करा. तो मिळाला नसेल तर परीक्षा अर्ज उघडत नाही, आणि ते कळतं अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात. ऑगस्ट संपेपर्यंत क्रमांक आला नाही तर कॉलेजात विचारायला लागा.

परीक्षा अर्ज ऑनलाइन भरतात, पण कॉलेजने तो मान्य करून पुढे पाठवावा लागतो. भरून झाल्यावर छापील प्रतीवर विषयांचे सांकेतिक क्रमांक स्वतःच्या विषयांशी जुळतात का ते पाहा. मराठी साहित्याऐवजी दुसऱ्या भाषेचा कोड पडला, तर हॉलतिकिटावर तोच विषय येतो आणि तुमच्या पेपरला तुम्ही गैरहजर ठरता. मुदत चुकली तर विलंब शुल्क भरून काही दिवस अर्ज घेतात, पुढे अतिविलंब शुल्क लागतं आणि ते जड असतं. उपस्थिती ७५ टक्के लागते. कापूस वेचणी किंवा सोंगणीच्या दिवसांत घरी थांबावं लागणार असेल तर शिक्षकांशी आधी बोला. वेळीच सांगितलं तर प्रकल्प आणि चाचण्यांच्या तारखा सांभाळून घेतात.

अंतर्गत गुणांकडे नव्या विद्यार्थ्यांचं लक्ष नसतं. चाचणी, प्रकल्प, तोंडी परीक्षा यांचे गुण कॉलेजने विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचे असतात. ते राहिले तर लेखीत चांगले गुण असूनही निकाल अनुत्तीर्ण किंवा राखीव दिसतो. सत्र संपताना प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना "माझे अंतर्गत गुण भरले का?" एवढं विचारून या. प्रकल्प वही जमा केल्याची सही घेऊन ठेवा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे निकाल शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवा. निकाल लागला आणि गुण कमी वाटले, तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती विषय शिक्षकांना दाखवा, आणि मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. दोन्हींच्या मुदती निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि त्या मोजक्या दिवसांच्या असतात. गावात नेटवर्क नाही म्हणून निकाल उशिरा पाहिला, ही सबब चालत नाही. विषय राहिला तर एटीकेटीने पुढच्या वर्षात जाता येतं, पण किती विषयांपर्यंत, ते आपल्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीतच पाहा. सीनियरच्या तोंडी हिशेबावर विसंबू नका, नियम तुकडीगणिक बदललेले असतात.

निकाल राखीव असेल तर कारण कॉलेजच्या लॉगिनवर दिसतं: पात्रता बाकी, अंतर्गत गुण बाकी, फी बाकी किंवा मागच्या सत्राचा निकाल बाकी. कारण समजल्यावरच पुढे हालचाल करा.

विद्यापीठात जाण्याची वेळ आलीच तर

आधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्या, त्यावर आवक-जावक क्रमांक टाकून घ्या आणि दोन प्रती करा. एक विद्यापीठाच्या आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का मारून तारखेसह पोच घ्यायची. नुसतं टेबलावर ठेवून आलेल्या पत्राचा पुढे माग लागत नाही. निघण्याआधी फोन करून त्या विभागाचा माणूस जागेवर आहे का, शनिवारी कार्यालय उघडं आहे का, ते विचारा. शुल्क बहुतेक ऑनलाइन किंवा चलनाने भरावं लागतं, रोख घेत नाहीत. मोबाइलमध्ये यूपीआय नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला सोबत घ्या.

नागपूरला प्रशासकीय कार्यालय, परीक्षा विभाग आणि अमरावती रोडवरचा शैक्षणिक परिसर एका आवारात नाहीत. काम कुठलं ते ठरवूनच रिक्षा करा. अमरावती विद्यापीठ शहराच्या तपोवन भागात आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या अमरावती स्थानकात न जाता बडनेऱ्याला थांबतात, तिथून पुढे शहर बस किंवा ऑटो. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत एमआयडीसी रोडवर, कॉम्प्लेक्स भागात आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी वडसा म्हणजे देसाईगंजला उतरून एसटी धरावी. दूरच्या तालुक्यातून निघालात तर पावसाळ्यात नाले भरल्याने रस्ता बंद होतो, हे लक्षात घेऊन शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी निघा.

काम अडलंच, तर आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्या, नंतर विद्यापीठाच्या समितीकडे. तरीही उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साध्या कागदावर नेमका प्रश्न, उदाहरणार्थ "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, संबंधित टिपणीची प्रत द्यावी." ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला हे शुल्क माफ आहे, दाखला जोडावा. यात भांडण काही नाही. रखडलेलं टेबल हलवायचा हा सरळ मार्ग आहे.

शेती किंवा नोकरी सांभाळून शिकायचं असेल

रोज कॉलेजला जाणं शक्य नसलेल्यांसाठी मुक्त विद्यापीठ आहे. प्रवेश ऑनलाइन, पुस्तकं आणि संपर्क सत्रं जवळच्या अभ्यासकेंद्रात, स्वाध्याय वेळेवर जमा करायचे. पुष्कळांचं घोडं स्वाध्यायापाशीच अडतं. पेपर देतात, पण स्वाध्याय न दिल्याने विषय अपूर्ण राहतो. अभ्यासकेंद्र निवडताना ते तुमचा अभ्यासक्रम खरोखर चालवतं का आणि परीक्षा केंद्र कुठे पडतं, दोन्ही पाहा. ही पदवी स्पर्धा परीक्षा आणि सरकारी नोकरीसाठी नियमित पदवीइतकीच ग्राह्य आहे.

पदवी हातात घेणं

शेवटच्या सत्राची गुणपत्रिका म्हणजे पदवी प्रमाणपत्र नव्हे. दीक्षांत समारंभाआधी विद्यापीठ पदवीसाठी अर्ज मागवतं, तो स्वतः भरावा लागतो. लगेच नोकरीत रुजू व्हायचं असेल तर तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र वेगळं मागा. पदवीच्या अर्जात नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत भरायचं असतं. इथेही दहावीची मार्कशीट समोर ठेवा, कारण छापून आलेल्या पदवीतली मात्रा किंवा अक्षर सुधारायला पुन्हा शुल्क, शपथपत्र आणि चकरा लागतात. दुसऱ्या विद्यापीठात एमए किंवा बीएडला जायचं असेल तर टीसीसोबत मायग्रेशन घ्या. गडचिरोलीतून नागपूरला गेलात तरी विद्यापीठ बदलतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

घरातल्या मोठ्या माणसांच्या जुन्या पदव्यांचं काम निघालं, तर सालाकडे पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजातून २०११च्या आधी झालेल्या पदवीची दुय्यम प्रत किंवा पडताळणी नागपूर विद्यापीठाकडे मागावी लागते, गोंडवानाकडे नाही. वऱ्हाडातल्या १९८३च्या आधीच्या पदव्यांचंही तसंच. अर्जावर उत्तीर्ण झाल्याचं सत्र, हिवाळी की उन्हाळी, आणि आसन क्रमांक लिहिला की शोध लवकर लागतो. आसन क्रमांक हाती नसेल तर तो ज्या कॉलेजात शिक्षण झालं तिथल्या जुन्या नोंदींतून काढून घेऊन मगच अर्ज पाठवा.